शेंदरासकट वजन

परवा पत्रकं वाटायला आणे पठारावर गेले होते. एसटीतून उतरले आणि सगळ्यात आधी कानावर आला तो कॉम्प्रेसरचा आवाज. कुणाच्या तरी रानात ट्रॅक्टरला जोडलेलं ते धूड धडधडत होतं, खाली विहिरीत कातळाला भोकं पडत होती. थोड्या वेळानं शिट्ट्या झाल्या, गडी लांब पळाले, पायाखालची जमीन एकदा हलली आणि मग तो वास आला. सुरुंगाच्या दारूचा, फुटलेल्या दगडाचा, जरासा आंबट, घशाला लागणारा. चैत्र-वैशाख म्हटलं की लोकांना मोगरा आठवतो, कैरी आठवते. आठवू दे. मला हा वास आठवतो.

पठारावर उन्हाळा म्हणजे विहिरींचा हंगाम. पावसाच्या आत जेवढं खोल जाता येईल तेवढं जायचं. आमच्या जुन्नर तालुक्यात धरणं आहेत, शेजारच्या आंबेगावात आहे, कालवे आहेत, खालच्या मळ्यांत उसाच्या सरीत पाणी तुंबून राहतं. पठार मात्र या सगळ्याच्या वर बसलंय. पाणी वर चढत नाही, असं आम्हाला समजावून सांगतात. मतं मागायला बरे सगळे चढतात. हे वाक्य माझ्याच एका पत्रकातलं आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

तो एक उन्हाळा मात्र पत्रकात कधी मावला नाही, म्हणून इथं लिहिते.

माझं गाव राजुरी, आजोळ आणे. त्या उन्हाळ्यात हौसामामीच्या दोन्ही गायी आमच्या राजुरीच्या गोठ्यात बांधलेल्या होत्या. टँकर माणसांना पाणी देतो, गायींना देत नाही. मामी रोज सकाळी फोन करायची. आधी गायींची चौकशी, मग आईची, उरला वेळ तर माझी. तांबडी गाय नव्या दावणीला रुळली नव्हती. धार काढताना आईच्या हातात पान्हा चोरायची. हे मामीला कळलं की, परक्या दारात उभी हाय माझी गाय, एवढंच म्हणायची, आणि आई म्हणायची, अगं, हे काय परकं दार हाय का? पण गायीला नणंद-भावजय कशी समजावणार. विहिरीला पाणी लागलं की गायी घरी आणायच्या. मामीचा त्या सालचा सगळा हिशेब एवढ्यावर येऊन थांबलेला होता.

विहीर घराच्या मागच्या अंगाला. बबनमामानं यारी लावलेली. यारी म्हणजे फुटलेला दगड टोपल्यातून वर ओढणारी क्रेन. तिच्या दोराचा कुरकुर आवाज दिवसभर चालायचा आणि काठाला ढिगारा वाढत जायचा. ढिगाऱ्यावर दुपारी पाय ठेवला तर चटका बसायचा, पण आतला दगड उचलला की थंड. खालून आलेला थंडपणा त्याच्या अंगात अजून असायचा. मला त्या थंड दगडांचा नाद होता. गालाला लावून बसायचे. मामी म्हणायची, पुढारीणबाईचं डोकं तापलंय, दगड लावूनच उतरायचं.

पुढारीणबाई हे माझं मामीनं ठेवलेलं नाव. नुकतीच एका चळवळीच्या संघटनेत गेले होते, पिशवीत कायम पत्रकं असायची.

आमचा कातळ बाहेरून काळा आणि रुक्ष. पण फुटला की कधी कधी आत पोकळी निघते आणि पोकळीत स्फटिक. पांढरे, हिरवट, सुयांच्या झुबक्यासारखे, खडीसाखरेसारखे. आम्ही सगळ्यांना मिळून गारगोट्या म्हणतो. पोरं खेळतात, बायका तुळशीत ठेवतात. आणि विहिरींच्या हंगामात जीपवाले शेठ येतात. ढिगारा चाळतात आणि पोत्याच्या भावानं घेऊन जातात. पुढं त्यातल्या एकेका दगडाला स्वतंत्र नाव मिळतं, लाकडी बैठक मिळते, काचेचं कपाट मिळतं. नाव मिळालं की किंमत मिळते. आमच्याकडे असेपर्यंत ते पोतं असतं. हे मला समजलं तेव्हा मी रागानं पत्रक लिहायला घेतलं होतं. मथळा होता, 'दगड आमचा, नाव तुमचं?'

एक दिवस सुरुंगानंतर वर आलेल्या टोपल्यात मामीला काळा दगड दिसला. लिंबाएवढा. कोळशासारखा काळा, पण अंगाला सपाट पैलू, आणि पैलू असे चकचकीत की कुणी घासून काढल्यासारखे. पठारावर रीत अशी की नव्या विहिरीतून निघालेला पहिला देखणा दगड काठावर बसवायचा. तो आसरा, म्हणजे पाण्याची देवी. मामीनं टोपल्यातून उचलला तो थेट घरात नेला, तेलात शेंदूर कालवला आणि दोन्ही हातांनी थापला. मामीचा हात सढळ. भाजीत तेल आणि देवाला शेंदूर, कशातच मोजमाप नाही. मी पोचले तेव्हा तो दगड नारिंगी लाडू होऊन काठावर बसला होता. एका बाजूला एक पैलू तेवढा उघडा राहिलेला, पतंगाच्या आकाराचा. त्यात आभाळ दिसत होतं.

त्याच दिवशी जीपवाला शेठ आला. आधी म्हणाला, काळा माल चालत नाही. मग टोपल्यात बसून खाली उतरला. विहिरीच्या भिंतीत ज्या पोकळीतून तो दगड सुटला होता ती त्याला बघायची होती. खाली जाताना बडबडत होता, वर आला तो गप्प. गप्प माणसाची मला नेहमी शंका येते. त्यानं आसरेच्या उघड्या पैलूवर बॅटरी मारली, कडेपाशी लालसर तपकिरी झाक दिसते का ते पाहिलं, आणि मामीकडे वळून म्हणाला की बाई, माल खराब केलात. टर्पेंटाईनमध्ये ठेवून शेंदूर काढावा लागेल, आणि एखादा कोपरा उडालेला निघाला तर मग हाती काही लागायचं नाही. मामीला राग आला नाही. तिला तो माणूस खुळा वाटला.

मग शेठनं नाव सांगितलं. काळं गार्नेट. आपले सोनार ज्याला तामडा म्हणतात त्याच्याच जातीचं. तो लाल, हा काळा, आणि काळा फार विरळा. दागिन्याला नव्हे, हौशी लोकांच्या कपाटाला लागतो. पैलूंची धार शाबूत, कोपरा न उडालेला, आणि शक्य तर आपल्या मूळ दगडावरच बसलेला. पॉलिश केला की किंमत गेली. सकाळी जो माल चालत नव्हता तो जेवणवेळेपर्यंत दुर्मीळ झाला होता.

त्याची अट साधी होती. आता सुरुंग लावायचा नाही. त्याची माणसं छिन्नी-हातोडीनं ती पोकळी, आतल्या काळ्या दगडांसकट, सोडवतील, वेळ लागेल, पाऊस आला तर आला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, मामाच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली बोटं दाबली. बैलबाजारात करतात तसं. तोंडानं आकडा बोलायचा नाही, बोटांनी ठरवायचं, बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मामाचा चेहरा बदलला. मी अगदी शेजारी उभी होते आणि मला आकडा कळला नाही. मामी चुलीपाशी होती, तिला तर टॉवेलही दिसला नाही. ज्या बाईच्या गायी दुसऱ्याच्या दारात, जिनं दगड उचलला, जिनं देव केला, तिच्या विहिरीची किंमत दोन पुरुषांनी फडक्याखाली ठरवली. याला व्यवहार म्हणतात आमच्याकडे.

जेवताना मामा म्हणाला, पाणी पुढल्या साली बी लागंल. मामीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. यारीवाला मात्र बोलला. भोकं पाडून झाली होती. दारू भरायची का नाही ते उद्या सांगा, नाहीतर मी यारी सोडतो, पुढच्या गावाला माणसं वाट बघत्यात, पावसाच्या आत काय माझं परत येणं व्हायचं न्हाई.

मी म्हटलं, शेठनं नाव सांगितलं म्हणून ते नाव कशाला धरायचं? ओळख आपण पटवू. गार्नेट असेल तर किंमत उघड्यावर ठरवू, नसेल तर प्रश्नच मिटला. मामानं मान हलवली. मामीनं दगड दिला, पण खणात गुंडाळून, आणि माझ्या हातात ठेवताना हात सोडला नाही.

"नेतीयास तर ने. पण नख लावायचं न्हाई. पाण्याची हाय ती."

त्या दुपारी मी एसटीनं आणे घाट उतरून आळेफाट्याला आले तेव्हा मांडीवर खणात देवी आणि पिशवीत अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं होती. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी खणाला नमस्कार केला. मी खिडकीबाहेर बघितलं.

आळेफाट्याच्या सोनारानं सोन्याचा काटा दिला. माणूस हौशी. सोन्याच्या काट्यावर देव पहिल्यांदाच बसतोय, म्हणाला. युक्ती सोपी आहे. दगड आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचा. दोन वजनांतल्या फरकावरून कळतं की दगड त्याच्या आकाराच्या मानानं किती जड आहे. आपला साधा काळा दगड हलका. गार्नेट बरंच जड. मी मोबाईलवर भागाकार केला. उत्तर गार्नेटच्या बाजूला पडलं. सोनारानं पुन्हा तोललं, पुन्हा तेच. मला तिथंच पुढच्या पत्रकाचा मथळा सुचला.

तिथून नाशिक-पुणे रस्त्यानं कळंब. कळंबला वैशाली मॅडम राहतात. मी त्यांच्याकडे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकले होते, म्हणजे त्या शिकवत होत्या आणि मी मोर्च्याला जात होते. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, खण उघडला आणि हसल्या. भिंतीवरच्या तसबिरीतले बुद्ध आणि टेबलावरची शेंदरी आसरा एकमेकांसमोर आले होते. भिंग लावून त्यांनी उघडा पैलू बराच वेळ पाहिला. कडेनं काच ओरखडली. काचेवर रेघ उठली, पण अशी रेघ गारेच्या दगडाचीही उठते. फरशीच्या खरबरीत पाठीवर घासला, फिकट रेघ आली. लोहचुंबक जवळ नेला, विशेष काही नाही. शेवटी पैलू किती आणि कसे ते मोजायचं राहिलं, ते शेंदराखाली. मग मी विजयानं वजन सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या. म्हणाल्या, आपल्या लाव्ह्याच्या दगडात असं गार्नेट मी कुठं वाचलेलं नाही. पण मी वाचलं नाही म्हणून ते नसेलच असंही नाही.

चहा आला. मी टोस्ट उचलायला हात पुढे केला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं नारिंगी झाली होती.

"आधी हात धुऊन ये. पोटात जायला नको. शेंदरात शिसं असतं."

मी मोरीत साबण लावत होते. बाहेरून त्यांचा आवाज आला.

"वजन शेंदरासकट केलंस?"

मी नळ बंद केला.

"अगं, शिशाइतकं जड काय असतं? तू देवीचं वजन दगडाला लावलंस."

चूक कुणाची ते मला महत्त्वाचं वाटत नाही. सोनार रोज लाख आणि खडे वजा करून सोनं तोलतो, त्याच्याही डोक्यात आलं नाही. देवाचा शेंदूर वेगळा धरायचा असतो, हे आमच्याकडे कुणाच्या मनातच येत नाही. देव म्हणजे दगड आणि शेंदूर मिळूनच.

मी म्हटलं, मग खरवडू. कपाटात टर्पेंटाईन होतं, मला दिसत होतं. तासाभरात निकाल लागला असता. मॅडम म्हणाल्या, मी बावीस प्रतिज्ञांच्या घरातली आहे, मला शेंदराचं काही नाही. पण दगड तुझा नाही आणि माझाही नाही. जिचा आहे ती हो म्हणू दे. मी चिडले. एका खुळ्या समजुतीपायी पाण्याचा नाहीतर पैशाचा घोळ करायचा का? त्या शांतपणे आसरा खणात गुंडाळत होत्या. खणाची गाठ मारून म्हणाल्या, "दगडाला नंतर विचार. आधी मामींना विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ढिगाऱ्यावर बसलो. मामा, मामी, यारीवाला आणि मी. ऊन अजून कोवळं होतं. मी काही लपवलं नाही. वजन चुकलं कसं ते सांगितलं. शेंदूर काढला तर आजच्या आज कळेल, हेही सांगितलं. यारीवाल्याला हसू आवरेना, देवी शिशाची निघाली म्हणून. मामी हसली नाही. खण मांडीवर घेऊन बसली होती.

"गार्नेट का काय ते निघालं तर?"

मी म्हटलं, मग शेठ खरा. सुरुंग थांबवावा लागेल.

"आन न्हाई निघालं तर?"

मग सुरुंग लावायचा.

मामीनं विहिरीकडे बघितलं. "मंजी पानी काढायचं का न्हाई, ते दगडाला इचारून ठरवायचं," ती म्हणाली. मग यारीवाल्याकडे वळली. "भर दारू. माझ्या गाया तकडं उभ्या हायेत."

मामा उठलाच. अगं, त्यो आकडा किती व्हता तुला ठाव हाय का, असं काहीसं म्हणायला लागला.

"टावेलाखालचा आकडा मला कसा ठाव असंल? मला दावला व्हता का कुनी?"

मामा खाली बसला. तो वाईट माणूस नाही. त्याला एवढंच कळत नव्हतं की बायकोपासून जे लपवलं ते आता तिच्यापुढं मांडायचं कसं.

शिट्ट्या झाल्या. आम्ही बाभळीमागे गेलो. मामीनं खण छातीशी धरला होता. जमीन हलली. तो वास आला. आणि धूळ खाली बसताना मला पहिल्यांदा भीती वाटली, की आता खाली जे फुटलं ते काय होतं हे कुणालाच कधी कळणार नाही. मला प्रश्न अर्धवट राहिलेला सहन होत नाही. आमच्या संघटनेत सगळ्याला उत्तर असतं आणि ते एका पानावर मावतं.

दुपारी शेठ आला. टोपल्यातून वर येणारा चुरा हातात घेऊन बघत राहिला. काळे तुकडे, कडा उडालेले. बाई, म्हणाला, तुम्ही काय फोडलंत ते तुम्हाला माहीत नाही. मामी म्हणाली, "तुमाला तरी कुठं व्हतं?" आणि त्याला चहा दिला. तो प्यायला.

पाणी त्या दिवशी लागलं नाही. आणखी सुरुंग लागले. मामी आतून हलली होती, हे मला तिच्या फोनवरून कळायचं. गायींची चौकशी करायची आणि फोन ठेवायची. मग एक दिवस तिनं गायींचं विचारलंच नाही. म्हणाली, टेम्पो बघ. कातळाच्या सांध्यातून करंगळीएवढी धार सुटली होती. मी गायींबरोबर टेम्पोत मागे उभी राहून आणे घाट चढले. वाऱ्यानं तांबडीचे कान मागे गेले होते. दारात उतरली आणि तिनं आधी ढिगाऱ्याचा वास घेतला, मग मामीच्या पदराचा.

पत्रक मी तरीही काढलं. मथळा तोच ठेवला, 'दगड आमचा, नाव तुमचं?' जो नाव देतो तो किंमत ठरवतो, हे मला तेव्हाही खरं वाटत होतं आणि आताही वाटतं. आमच्या पोरांना दगड ओळखता आले पाहिजेत, घासून, तोलून, मोजून, आणि शेंदूर वजा करून. फक्त शेवटी एक ओळ वाढवली, की किंमत ठरवताना टॉवेल बाजूला ठेवा आणि घरातल्या बाईला बोलवा. संघटनेतले भाऊ म्हणाले, ही ओळ विषयाला सोडून आहे. मी म्हटलं, राव, हाच विषय आहे.

विहीर फाल्गुनापर्यंत पुरते, मग खंगते. पठाराचा प्रश्न सुटलेला नाही. तो एका विहिरीनं सुटायचा नाही, म्हणून तर परवा पुन्हा पत्रकं घेऊन गेले होते. पण गायी आता उन्हाळ्यातही पठारावर असतात. काटकसरीनं, अर्ध्या बादलीवर, पण स्वतःच्या दारात.

वाटप झाल्यावर मामीकडे गेले. ढिगाऱ्यावर आता घाणेरी माजलीय. काठावर एक तरुण जीपवाला उभा होता, शेजारच्या नव्या विहिरीसाठी आलेला. दगडाचा फोटो काढला की नाव सांगणारं काहीतरी त्याच्या फोनमध्ये होतं. त्यानं आसरेचाही फोटो काढला, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा काढला. उघडा राहिलेला तो पैलू केव्हाच झाकला गेलाय. मामी त्याला म्हणाली, पावणं, जरा बाजूला व्हा, सावली पडती. तिच्या हातात वाटी होती. दर चैत्रात ती नवा थर देते.

मला म्हणाली, लाव की गं पुढारीणबाई, तुझं बोट काय झिजत न्हाई. मी शेंदूर लावत नाही, तिला ते माहीत आहे, ती दर वर्षी विचारते. तिचे हात तेलकट होते म्हणून मी दगड धरला आणि तिनं थर दिला, सढळ हातानं, चहूबाजूंनी.

पूर्वी लिंबाएवढा होता. आता मोसंबीएवढा झालाय. मी तळहातावर जरा वरखाली करून पाहिला. गेल्या वर्षीपेक्षा जड लागला.